कंप्यूटर कोणत्या कंपनीचा

आमच्या घरी कोणतीही नवी वस्तू आली की आधी तिची उलटतपासणी व्हायची. तूप आलं तर अण्णा ते तळहातावर चोळून उन्हात जायचे आणि पुन्हापुन्हा हुंगायचे. हळद पाण्यात टाकून तिचा रंग किती लवकर सुटतो ते बघायचे. छत्री घ्यायची तर दुकानदाराकडे बादलीभर पाणी मागायचे, आणि एकदा तर खरोखरच एका दुकानदाराने ते आणून दिलं होतं. रेल्वेच्या कारखान्यात ते स्टोअरमध्ये होते. बाहेरून आलेला माल तपासून आत घ्यायचा किंवा परत पाठवायचा, हे त्यांचं काम. "माल आला की मनातून आधी तो नाकारायचा, मग बघायला बसायचं," असं ते म्हणत. नोकरीतला हा नियम ते संध्याकाळी डब्याबरोबर घरी घेऊन येत, आणि दूधवाला, शिंपी, माझ्या मैत्रिणी, पावण्यांनी आणलेली मिठाई, सगळ्यांना तो लागू होई.

रामघाटाच्या वरच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या भाड्याच्या तीन खोल्या होत्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन भिंतींच्या मधून गंगेची एक चिंचोळी पट्टी दिसायची. नाव गेली की ती एका वेळी पूर्ण दिसायची नाही, आधी नाक आणि मग शेपूट. सकाळी पाठशाळेतल्या मुलांचं घोकणं सुरू व्हायचं, त्यात मध्येच नाव वल्हवणाऱ्या एखाद्या मल्लाहाची हाक, माकडांमागे धावणाऱ्या बायकांचा आरडाओरडा, आणि ह्या सगळ्याच्या खाली, एखाद्या तालवाद्यासारखा, आईचा टाइपरायटर. ओळ संपली की घंटी वाजायची. त्या घंटीवरून आम्हाला कळायचं की आई आज खुशीत आहे की कोणाचं तरी वाईट अक्षर लावत बसली आहे. स्वयंपाकही ती मधल्या वेळात उरकायची. हिवाळ्यात ती इथल्यासारखा मटर-चुडा, म्हणजे मटार घातलेले पोहे, करायची, पण वरून देवळातल्या नारळाचं ओलं खोबरं घालून. शेजारच्या तिवारीणकाकूंना ते पटायचं नाही, तरी वाटी रिकामी करून परत द्यायच्या. आमच्या मराठीचंही तसंच होतं. मूळ चुडा इथला आणि वर खोबरं आपलं. "जरा पता कर," "बत्ती गेली," "भाजी केवढी महंगी झाली," हे आम्ही मराठीच समजत होतो. पुण्याची पावणी हसली तेव्हा कळलं.

आई विद्यापीठातल्या मुलांचे शोधप्रबंध टाइप करायची. हिंदी आणि संस्कृत. सगळे तिला 'टाइपवाली आंटी' म्हणायचे आणि तिचं खरं नाव, मला वाटतं, एखाद-दुसऱ्यालाच ठाऊक असेल. मी कॉलेजात जायला लागले त्या सुमारास ही मुलं दारात उभी राहून एक नवाच प्रश्न विचारू लागली. "आंटी, कंप्यूटर से नहीं होगा?" गाइड म्हणतात, कंप्यूटरवर केलेलं सुबक दिसतं, दुरुस्ती करता येते. आई म्हणायची, नाही बाबा. मुलगा कागद परत घेऊन जिना उतरायचा. आधी एक गेला, मग बरेच. घंटी कमी वाजू लागली. त्या दिवसांत आई दुपारी नुसतीच खिडकीशी बसलेली दिसायची, आणि तिला रिकामं बसलेलं बघायची आम्हाला सवय नव्हती.

एकदा जेवताना तिने आमटी वाढता वाढता सांगून टाकलं, "मला कंप्यूटर घ्यायचाय. पैसे माझे आहेत. कोणता घ्यायचा तेवढं बघू."

अण्णांचा घास हातात राहिला. "आतलं दिसतं का त्याच्या?"

"म्हणजे?"

"टाइपरायटर उघडा असतो. किल्ली दाबली की दांडी उठते, ती दिसते. मोडली तर मोडलेली दिसते. त्या डब्यात काय आहे ते कोण सांगणार? तोच, जो विकतो."

आई म्हणाली, "मग विचारू चार जणांना."

"चार जणांना विचारलं की चार जणांचं कमिशन," अण्णा म्हणाले आणि ताक मागितलं.

पण विचारायला एक माणूस घरातलाच होता. अण्णांच्या मोठ्या बहिणीचा, माझ्या आत्याचा मुलगा वसंतदादा. ब्रह्मघाटाजवळ राहायचा, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, आणि आपल्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत सुटे भाग जोडून कंप्यूटर तयार करून विकायचा. दिल्लीहून बॅग भरून माल आणायचा. बोलका, हसरा, येताना हातात काहीतरी खायला घेऊन येणारा. अण्णांना त्याचं हसणंच पसंत नव्हतं. "माल विकणाऱ्याने हसू नये," असं त्यांचं मत होतं.

वसंतदादाने ओट्यावर बसून समजावून सांगितलं. "मामा, तीन तऱ्हेचे मिळतात. एक विदेशी कंपनीचा. दिसायला झकास, कागदपत्रं पक्की, दाम सगळ्यात जास्त. दुसरा देशी कंपनीचा. तो मधला. तिसरा मी बनवतो तसला, असेंबल केलेला. आत भाग तेच, फक्त बाहेर नाव नाही. दाम विदेशीच्या जवळपास निम्मा."

"आत तेच, तर निम्म्याला कसा परवडतो?"

"दुकानाचं भाडं नाही, जाहिरात नाही, एसी नाही."

"आणि बिघडला तर?"

"मी आहे ना."

"तू आहेस," अण्णा म्हणाले. एवढंच. पण ते ज्या स्वरात म्हणाले, तो स्वर ऐकून आईने विषय बदलला.

मग आम्ही तिघं रिक्षा करून लहुराबीरच्या शोरूमवर गेलो. त्या काळी कंप्यूटरच्या दुकानात देवळासारखे जोडे बाहेर काढून जावं लागायचं. धूळ चालत नाही म्हणे. अण्णांनी चपला पिशवीत घातल्या आणि पिशवी काखेत मारून आत गेले. आतला गारवा, काचेची दारं, आणि टेबलावर कापडाची टोपडी घातलेली यंत्रं. मालक साहूजी स्वतः उठून आले. त्यांनी विदेशी कंपनीचं खोकं दाखवलं, चकचकीत पट्टीने सील केलेलं.

अण्णा म्हणाले, "खोलकर दिखाइए।"

"बाबूजी, सील टूट गई तो गारंटी खतम।"

"तो गारंटी मशीन की है कि सील की?"

साहूजी हसले. अण्णांच्या मनातल्या वहीत त्यांच्या नावापुढे तिथेच एक फुली पडली असणार. साहूजी म्हणाले, कंपनीचा भरोसा असतो, इतकी मोठी कंपनी खोटं कशाला विकेल. अण्णा म्हणाले की आमच्या कारखान्यातही मोठ्या कंपन्यांचाच माल परत जातो, लहानांची हिंमत होत नाही. हे बोलणं चालू असताना आई शांतपणे दुसऱ्या टेबलाशी गेली, मांडून ठेवलेल्या एका कंप्यूटरपुढे बसली आणि तिथल्या पोराला म्हणाली, "बेटा, ज़रा हिंदी लगा दो।"

तिने पर्समधून एका प्रबंधाचं पान काढलं. घरूनच आणलं होतं, आम्हाला कोणाला न सांगता. पडद्याकडे न बघता, कागदाकडे बघत ती टाइप करू लागली, तशी दुकानातली बाकीची बोलणी थांबली. तो वेग त्या दुकानाने पाहिला नसावा. पण पडद्यावर 'वैशिष्ट्य'चे तुकडे झाले होते. ष एकीकडे, ट दुसरीकडे, पाय मोडलेले. आईने मान हलवली आणि देशी कंपनीच्या यंत्रावर जाऊन तेच पान पुन्हा टाइप केलं. तिथे अक्षरं नीट जुळून आली. साहूजी लगेच म्हणाले, "देखा बहनजी, अपनी कंपनी अपनी भाषा समझती है।" आई खूश झाली. तिला वाटलं, निर्णय झाला.

संध्याकाळी वसंतदादाला सांगितलं तर तो पोट धरून हसला. "मामी, अक्षरं डब्यात नसतात. ती प्रोग्राममध्ये असतात. एका मशीनमध्ये बरा प्रोग्राम होता, दुसऱ्यात नव्हता. तोच प्रोग्राम कोणत्याही कंपनीच्या डब्यात घाला, अक्षरं तशीच येतील. टाइपरायटरचीच किल्ल्यांची मांडणीही मिळते, हाताला नव्याने शिकवायला नको."

म्हणजे अक्षरांच्या बाबतीत तिन्ही सारखे. अण्णांनी हे ऐकून घेतलं आणि त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न घर करून बसला. मग जास्तीचे पैसे कशाचे? पुढचे कित्येक दिवस ते हा प्रश्न भेटेल त्याला विचारत राहिले. साहूजींचं उत्तर होतं, सर्व्हिस. विदेशी कंपनीचा इंजिनियर घरी येतो. अण्णांनी विचारलं, रामघाटावर येतो का, चौखंब्यापासून पुढे गाडी येत नाही, गल्लीत सांड बसलेला असतो. साहूजी म्हणाले, "जरूर आएगा," आणि समाधानी ग्राहकांची नावं सांगू लागले. अण्णांनी ती ऐकूनही घेतली नाहीत. घरी येताना म्हणाले, "तो सुखी माणसांचीच नावं सांगणार. मला दुःखी माणसं पाहिजेत."

आणि दुःखी माणसं शोधण्याचा त्यांनी जो उपाय काढला, तो आठवला की आजही मला हसू येतं आणि थोडा आदरही वाटतो. आज माझी भाची फोनवर बोट फिरवून पाच मिनिटांत सांगते की कोणत्या लॅपटॉपला किती तारे मिळालेत. मी तिला विचारते, हे तारे कोणी दिले? ती म्हणते, मावशी, तू अगदी आजोबांसारखी बोलतेस. तर अण्णांनी काय केलं, शोरूमच्या समोर रस्त्यापलीकडे एक चहाची टपरी होती, तिथल्या बाकड्यावर ते कामावरून सुटल्यावर जाऊन बसू लागले. मला बरोबर नेत, कारण एकटा पुरुष असा टक लावून बसला तर लोक संशय घेतात. कोणी रिक्षातून मांडीवर कंप्यूटर घेऊन उतरला की अण्णा चहाचा मातीचा कुल्हड ठेवून उठत आणि रस्ता ओलांडून त्याला गाठत. "भाई साहब, नया है कि बिगड़ा है? कौन कंपनी? इंजीनियर घर नहीं आया?" दुःखी माणसं फार बोलतात. एका वकिलाने तर आमच्या बाकड्यावर बसून अर्धा तास कंपनीला शिव्या दिल्या आणि आमच्या चहाचे पैसेही दिले. आम्हाला कळलं ते असं की बिघडतात सगळेच. विदेशीवाले थोडे कमी येत, पण येत तेव्हा त्यांचा भाग कलकत्त्याहून मागवावा लागे आणि तोवर यंत्र शोरूममध्येच पडून राही. देशीवाले जास्त येत, पण लवकर परत जात. आणि इंजिनियर घरी आला असं सांगणारा मात्र आम्हाला एकही भेटला नाही.

एक गोष्ट मात्र आमच्या लक्षात आली नव्हती. आम्ही शोरूमवर नजर ठेवून होतो, तशी शोरूमचीही आमच्यावर होती. काचेआड उभं राहून कोणीतरी बघायचं. एकदा टपरीवाल्याने पैसे घेतले नाहीत, म्हणाला साहूजींनी सांगितलंय. अण्णांनी जबरदस्तीने पैसे ठेवले. "बघितलंस कुंदा, हे लाच देतात," ते मला म्हणाले. "म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी आहे."

त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आम्ही बसलो होतो आणि शोरूमचं काचेचं दार उघडून वसंतदादा बाहेर आला. साहूजी त्याला सोडायला पायरीपर्यंत आले होते. त्यांचा हात त्याच्या खांद्यावर होता आणि दोघंही खदाखदा हसत होते. वसंतदादा सायकलवर बसून गेला, आमच्याकडे त्याची पाठ होती. अण्णांनी चहा संपवला नाही. मला त्यांचा चेहरा बघून भीती वाटली, कारण त्यावर राग नव्हता. एखादी गोष्ट अखेर सापडली की जे समाधान दिसतं, ते होतं.

रविवारी सकाळी वसंतदादा कचोरी-जिलेबीचे द्रोण घेऊन आला. आई बशा आणायला उठली. अण्णा म्हणाले, "थांब." मग त्याला विचारलं, "साहूच्या दुकानात तुझं काय काम असतं?"

वसंतदादाला हसूच फुटलं. "अहो मामा, तुमच्यामुळेच तर गेलो होतो! साहूजींनी बोलावणं पाठवलं. म्हणाले, तुमच्या मराठी लोकांतले एक गृहस्थ घ्यायचा म्हणून येऊन गेले, आता रोज समोर बसतात, गिऱ्हाइकांना पकडून विचारपूस करतात, सेल्स टॅक्सचे आहेत की कंपनीचे हेर? मी खिडकीतून बघितलं तर तुम्ही! म्हटलं, साहूजी, ते आमचे मामा आहेत, त्यांना फक्त एक कंप्यूटर घ्यायचाय."

मी हसले. आईही हसली. अण्णा हसले नाहीत.

"छान रचलंस," ते म्हणाले. "आता खरं सांग. तिथून घेतला तर तुला किती, आणि तुझा घेतला तर किती?"

वसंतदादाचं हसू विझायला वेळ लागला, जणू त्याला वाक्य पुन्हा ऐकावं लागलं. "तिथे गिऱ्हाईक नेलं तर मिळतं, मामा. कमिशन सगळ्यांना मिळतं, मलाही मिळतं. तुम्हाला मी तिथे नेलं नाही. माझ्यात मला मिळतं ते तर तुम्हाला ठाऊकच आहे, तो माझा धंदा आहे."

"म्हणजे दोन्हीकडून."

"म्हणजे तुम्ही मला चोर म्हणताय."

"मी विचारतोय."

वसंतदादाने द्रोण ओट्यावर ठेवले, पाण्याचा पेला न उचलता जिना उतरला. कचोऱ्या तशाच राहिल्या. दुपारी माकडांनी नेल्या.

अण्णांशी वाद घालायचा आईचा स्वभाव नव्हता. ती कामं करत राहायची आणि मग एकदम ठरवलेलं सांगायची. संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर ती म्हणाली, "मशीन वसंताकडूनच घ्यायचं."

"अगं, त्याने तोंडाने कबूल केलं कमिशन खातो म्हणून!"

"म्हणूनच. इतके दिवस आपण इतक्या जणांना विचारत फिरलो. विचारल्यावर कबूल केलं असा हा एकटाच भेटला."

अण्णांनी मग एक अट घातली. यंत्र आमच्या घरी, त्यांच्या डोळ्यांसमोर जोडायचं. हा निरोप घेऊन आई स्वतः ब्रह्मघाटाला गेली. तिथे ती काय बोलली मला माहीत नाही. वसंतदादा आला, पण एखाद्या परक्या कारागिरासारखा. मधल्या खोलीत वर्तमानपत्रं पसरून त्याने एकेक खोकं उघडलं, प्रत्येक भाग अण्णांच्या हातात दिला, त्यांनी उलटसुलट बघून परत दिला, मग तो बसवला. दोघांमध्ये "हे घ्या" आणि "हं" ह्यापलीकडे शब्द झाला नाही. आईने चहा पुढे केला, तो त्याने घेतला नाही. पाणीसुद्धा घेतलं नाही. जाताना आईला एवढंच म्हणाला, "मामी, रोजचं काम रोज फ्लॉपीवर उतरवून ठेवत जा. अजून डझनभर फ्लॉप्या लागतील." तो गेल्यावर अण्णा म्हणाले, "बघ. मशीन विकून झालं, आता फ्लॉपीचा धंदा." आणि जास्तीच्या फ्लॉप्या आल्या नाहीत.

कंप्यूटर मात्र चालू लागला. आईची बोटं आठवडाभरात रुळली. फक्त ओळ संपल्यावर घंटी वाजत नसे, त्यामुळे सुरुवातीला ती क्षणभर थबकायची. मुलं परत येऊ लागली. कंप्यूटरबरोबर आलेल्या प्रिंटरची करकर खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाई. अण्णा अधूनमधून डब्याला कान लावून बसत. "काहीतरी आवाज येतो," म्हणत. आई म्हणायची, पंखा आहे तो.

पावसाळ्यात गंगा चढली. रामघाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडाल्या, खिडकीतली चिंचोळी पट्टी रुंद आणि मातकट झाली, घरभर ओलीचा वास. त्याच दिवसांत आईकडे सुमनदीदीचं काम होतं. बलियाकडची, शाळेत शिकवून संस्कृतात संशोधन करणारी, नवऱ्याच्या घरून कसाबसा वेळ काढलेली बाई. प्रबंध जमा करायची तिची मुदत एकदा वाढवून मिळाली होती, पुन्हा मिळणार नव्हती. सगळं टाइप होत आलं होतं, आणि एका सकाळी आईने बटण दाबलं तर डब्यातून खट् खट् असा आवाज आला. पडदा काळाच राहिला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

अण्णा दारात येऊन उभे राहिले. "बोललो होतो मी. आवाज येतो म्हणून."

आईने वळून बघितलं. "फ्लॉपीबद्दलही तुम्हीच बोलला होतात." सुमनदीदीच्या पहिल्या प्रकरणांची नक्कल फ्लॉपीवर होती. जागा संपल्यावर पुढचं फक्त यंत्राच्या आत होतं. आईने अण्णांना लावून बोललेलं मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. अण्णा हळूच मला म्हणाले, "कुंदा, जा, वसंताला बोलाव."

मी गल्लीतून चिखल तुडवत गेले. आत्याने दार उघडलं आणि मला बघून बाजूला झाली नाही. मागून वसंतदादाने विचारलं, "कोण आहे?" तो जेवायला बसला होता. मी तिथूनच ओरडून सांगितलं, आईचं मशीन बंद पडलंय, सुमनदीदीचा प्रबंध आत आहे. त्याने ताटावरून उठून हात धुतले आणि पिशवी उचलली. येताना आपल्या घरच्या यंत्रातली डिस्क, म्हणजे सगळं काम साठतं तो भाग, काढून बरोबर घेतली.

त्याने आमचा डबा उघडला. बिघडलेली डिस्क बाहेर काढली, आपली बसवली, मग जुनी पुन्हा दुसऱ्या तारेने जोडली. ती थोडा वेळ चालायची आणि थांबायची. थांबली की तो ती थंड होऊ द्यायचा. दुपार अशीच गेली. एकेक प्रकरण निघत होतं आणि आई प्रत्येकाचं नाव मोठ्याने म्हणत होती. शेवटची दोन निघायच्या आत डिस्क कायमची गप्प झाली.

अण्णांनी ती हातात घेतली. खिडकीशी नेऊन उजेडात धरली. स्क्रूच्या भोकांपाशी बारीक ओरखडे होते, आधी कुठेतरी कसून काढलेल्या स्क्रूंचे. जोडताना ती त्यांच्या हातातून गेली होती, पण तेव्हा त्यांची नजर चकचकीत बाजूवरच अडकली होती.

"ही नवी होती?"

वसंतदादाने ओरखडे बघितले. त्याचा चेहरा उतरला. "मला नवी म्हणूनच मिळाली, मामा. दिल्लीच्या व्यापाऱ्याकडून. पण तुम्ही विश्वास ठेवणार नाही."

"नाही ठेवत," अण्णा म्हणाले. मग डिस्क खाली ठेवत म्हणाले, "ताटावरून उठून आलास ना? जेवून जा."

वसंतदादा जेवला. आईने गरम भात आणि आमटी वाढली, अण्णा समोर बसून होते. तो पाणी प्यायला, तेव्हा आईने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, फोडणीचा धूर झालाय.

उरलेली दोन प्रकरणं पुन्हा टाइप करायची होती आणि दिवस हाताशी नव्हते. सुमनदीदीचं अक्षर बारीक होतं. अण्णांनी रजा टाकली, चष्मा लावून आईशेजारी बसले आणि वाचून दाखवू लागले. प्रत्येक ओळीला त्यांना शंका यायची. "इथे विसर्ग पाहिजे का? हे वाक्य तिने खरंच असं लिहिलंय?" आई म्हणायची, तुम्ही फक्त वाचा. पाठशाळेतल्या मुलांच्या घोकण्यात अण्णांचा जाड आवाज मिसळलेला मी तेव्हा ऐकला. वसंतदादाची डिस्क आमच्या डब्यात होती, त्याचं स्वतःचं यंत्र त्या दिवसांत बंदच होतं. सुमनदीदी मुदतीच्या आत प्रबंध घेऊन गेली. बाडावर हात फिरवत ती जिना उतरली, आणि गल्लीच्या वळणावर थांबून तिने वर बघून नमस्कार केला.

पुढच्या आठवड्यात अण्णांनी ती मेलेली डिस्क रुमालात बांधली आणि वसंतदादाला म्हणाले, "चल दिल्लीला. मला तो व्यापारी बघायचाय." आईला वाटलं, ते खरं-खोटं करायलाच चाललेत, पोराला तिथे उघडा पाडणार. तिने दोघांना दशम्या आणि लोणचं बांधून दिलं, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. ते परतले तेव्हा मी आणि ती खिडकीत होतो. गल्लीतूनच त्यांचं भांडण ऐकू येत होतं. वसंतदादाच्या हातात नवं खोकं होतं, आणि अण्णा स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसले ते बोलतच.

"चोर नाही गं हा," ते आईला म्हणाले. "बावळट आहे! तो व्यापारी ह्याला बेटा-बेटा म्हणतो, चहा पाजतो, आणि हा सील न बघता माल पिशवीत भरतो. चोर परवडला. चोराला निदान माल कळतो. मी नसतो तर ह्या खेपेलाही जुनंच गळ्यात मारलं असतं."

"मामांनी दुकानातले सगळे डबे उघडायला लावले," वसंतदादा दारातून म्हणाला. "बाकीची गिऱ्हाइकं निघून गेली. तो व्यापारी हात जोडून म्हणाला, नवी डिस्क घ्या आणि जा."

"सगळे नाही. वरच्या फळीवरचे राहिले," अण्णा म्हणाले.

त्यानंतर वसंतदादा माल आणायला दिल्लीला गेला की अण्णा बरोबर जायचे, आधी रजा काढून आणि निवृत्तीनंतर हक्काने. आईचं काम वाढलं, तिने दुसरा कंप्यूटर घेतला, तोही वसंतदादाचाच. वसंतदादाने पुढे चौकात दुकान टाकलं, त्यात दाराशी एक खुर्ची अण्णांची होती. लोक आत येऊन विचारायचे, "बाबूजी, कौन कंपनी का लें? सबसे बढ़िया कौन?" अण्णा त्यांच्याकडे संशयाने बघत, वरपासून खालपर्यंत, आणि उलट विचारत, "पहले ये बताइए, रहते कहाँ हैं? बिगड़ेगा तो वहाँ तक आएगा कौन?" काही जण अपमान झाल्यासारखे निघून जात. आतून वसंतदादा कपाळावर हात मारून ओरडायचा, "मामा, गिऱ्हाईक पळवू नका!" अण्णा मान वळवत नसत. "पळणारं होतंच," ते म्हणायचे, "मी फक्त लवकर पळवलं." आणि जे पळत नसे, त्याला ते स्वतःची खुर्ची सरकवून बसायला देत.